ओठांच्या आधी आलेली अक्षरं

कॉफी मशीनचा करपट वास आला की खराडीतलं ते ऑफिस आठवतं. मला ऐकू येत नाही, म्हणून बोललेलं लगेच लिहून दाखवणारं त्यांचं नवं ॲप तपासायला मला बोलावलं होतं. साहेब बोलत होते, पडद्यावर अक्षरं उमटत होती, सगळे खूश. मला मात्र शंका आली, कारण साहेबांचे ओठ हलायच्या आधीच अक्षरं येत होती. मी मध्येच विचारलं, "अहो, आज नाश्त्याला काय खाल्लंत?" ते गडबडले. ओठांवर स्वच्छ 'पोहे' दिसले. पडद्यावर आलं, 'आमचं ॲप प्रत्येक शब्द टिपतं.' "पोहे राहिले वाटतं," मी म्हणाले. तरी फोटोसाठी माझ्या हातात गुच्छ दिलाच. आजही कुठे अक्षरं उमटली, की मी आधी बोलणाऱ्याचं तोंड बघते.