सरळ धरलेली धार

"माझंच काहीतरी चुकलं असेल," असं म्हणून शेजारच्या बाई आधी चष्मा पुसायच्या. आमच्या घरचं दूध उतू गेलं तरी कुंपणापलीकडून हेच. अहो, दूध आमचं, गॅस आमचा, तुमचं काय चुकणार? पण नाही. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील.

भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत आमचे क्वार्टर लागून होते. बाई तिथल्याच शाळेत फिजिक्स शिकवायच्या आणि पन्नाशीला टेकल्यावर पीएचडी करत होत्या. विषय त्यांनी मला मेथी निवडता निवडता सांगितला. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक जळून संपलेला, लहानसा, पण त्याच्याजवळून तप्त वायूची धार सुटते. दुसरा चांगला धिप्पाड, त्याच्या अंगातून सतत वारा वाहतो. त्या वाऱ्यातून जाताना धारेचं काय होतं, ते शोधायचं. "एवढंच," म्हणायच्या.

संगणकावर त्यांची धार वाकडी यायची. इतक्या वेगाची धार विरळ वाऱ्याने कशी वाकेल, म्हणून त्या वर्षभर स्वतःची चूक शोधत बसल्या. त्या उन्हाळ्यात प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. चेहरा पार उतरला होता. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, रागही यायचा.

मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून, फर्राटा, म्हणजे तो उंच, जोरदार पंखा लावून सगळे बाहेर बसतात. एकदा बाई पाणी मारत होत्या आणि पंख्यामुळे सगळे शिंतोडे माझ्या वाळलेल्या कुरडयांवर.

"बाई, पाइप सरळ धरा की जरा," मी करवादले.

"सरळच धरलाय. माझी चूक नाही, वारा आहे."

बोलल्या आणि वाकलेल्या धारेकडे बघतच राहिल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. मग म्हणाल्या, "नळ जरा मोठा करा हो." मी केला, धार सरळ गेली. "आता बारीक." धार वाकली, तुटली, कुरडया पुन्हा भिजल्या. बाई पाइप तिथेच टाकून आत पळाल्या.

संगणकातही तसंच निघालं. जोर वाढवला की धार सरळ, कमी केला की वाकडी. गणित पहिल्यापासून बरोबर होतं. गाइडांनी फोनवर होकार दिला तेव्हा त्या आमच्या ओट्यावर बसून पोटभर रडल्या आणि मीही हुश्श केलं. कुरडयांचं नाव कुणी काढलं नाही.

निवृत्तीनंतर पाइप मला देऊन त्या नागपूरला लेकीकडे गेल्या. शेजारी आता नवीन बिऱ्हाड आहे. परवा शिंपडताना त्यांच्या चादरीवर पाणी उडालं.

"आंटीजी, पाइप तो सीधा पकडिए," तिथली सून म्हणाली.

मी सावकाश चष्मा पुसला.

"सीधा ही पकडा है, बेटा. मेरी गलती नहीं, हवा है."