कुठल्या पानावर उठलीस?

विद्यालक्ष्मीबाई एकोणसत्तर वर्षांच्या आहेत आणि अजूनही चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचतात. लपूनछपून नाही, चांगलं उघडउघड, चेन्नईत मैलापूरच्या देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून. खालच्या मजल्यावरचे बालाजीराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून बाईंना अध्यात्माकडे वळवायच्या मागे लागले आहेत. दर एकादशीला एखादा जाडजूड ग्रंथ आणून देतात आणि "आता वयाला शोभेल असं वाचा" म्हणून जातात. बाई तो ग्रंथ आदराने घेतात आणि टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवतात. "त्यांतले सगळे शहाणे होऊन बसलेले," त्या म्हणतात. "कोणी घर सोडून पळत नाही, कोणी मैत्रिणीशी कट्टी करत नाही. वाचू काय मी?"

या वाचनाची सवय लागली ती नोकरीत. जवळच्याच एका मुलींच्या शाळेत त्या एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. आठवी ते दहावीच्या मुली म्हणजे मोठं अवघड गिऱ्हाईक. परीकथा दिली तर नाक मुरडणार, मोठ्यांची कादंबरी दिली तर चौथ्या पानावर झोपणार. त्यांच्यासाठी तमिळमध्ये, इंग्रजीत जे नवं निघेल ते बाई मागवून घ्यायच्या आणि विद्यार्थ्यांच्या एका तमिळ मासिकात दर महिन्याला अर्धं पान त्याबद्दल लिहायच्या. त्या अर्ध्या पानाला वजन होतं बरं का. दुसऱ्या शाळांचे लोक ते पान वाचून पुस्तकं घ्यायचे.

आणि त्या पानामागे बाईंची एक पद्धत होती. नवं पुस्तक आधी स्वतः वाचायचं नाही. ते एखाद्या मुलीच्या हातात द्यायचं, चांगलं-वाईट काही बोलायचं नाही, आणि परत आणलं की एकच प्रश्न विचारायचा, "कुठल्या पानावर उठलीस?" वाचता वाचता प्रत्येक जण कधीतरी उठतोच. पाणी प्यायला, आई हाक मारते म्हणून, वीज गेली म्हणून. नवव्या पानावर उठलेली मुलगी आणि एकशे चाळीसाव्यावर उठलेली मुलगी यांत सगळं परीक्षण आलं, असं बाईंचं म्हणणं. एखादी म्हणाली की उठल्याचं आठवतच नाही, तर बाई खूश. तो आकडा त्या पुस्तकाच्या कार्डावर पेन्सिलने लिहायच्या. का उठलीस हे मात्र कधी विचारायच्या नाहीत. "का असं विचारलं की पोरी आपल्याला आवडेल तेच सांगतात," असं त्या नव्या शिक्षिकांना ऐटीत ऐकवायच्या. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

त्यांची पहिली वाचक म्हणजे त्यांची लेक जननी. काय दिवस होते ते! मे महिन्याच्या सुट्टीत गच्चीच्या जिन्यात सावली असायची, तिथे जननी पालथी पडून वाचायची, शेजारी वाटीत तिखट-मीठ लावलेली कैरी. विद्यालक्ष्मी खालच्या पायरीवर भाजी निवडत बसायची आणि पानं उलटल्याचा आवाज ऐकायची. नवरा वेंकट रेल्वेच्या कचेरीत. तो संध्याकाळी आला की दोघींना ओलांडून वर जायचा आणि म्हणायचा, "या घरात जेवायचं काम मज एकट्याकडे दिसतं." तंजावरकडचं घराणं, घरात मराठी, तीही तीनशे वर्षांपूर्वी बरोबर आणलेली आणि तमिळच्या शेजारी नांदून गोल झालेली. हिशेब तमिळमध्ये, भांडण तमिळमध्ये, लाड मात्र मराठीत. "कण्णा, तुज किती पानं झाली?" असं वेंकट लेकीला विचारायचा आणि जननी पुस्तकातून डोकं वर न काढता बोटं दाखवायची.

त्र्याण्णव साली वेंकट कचेरीतच छातीत कळ येऊन गेला. बेचाळिसावं वर्ष. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी विद्यालक्ष्मी डबा घेऊन शाळेत हजर झाली. बायका काय काय बोलल्या असतील ते असो. घरात बसलो तर उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि जननीसमोर रडायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं. पोर तेरा वर्षांची, तिने आईकडे बघून धीर धरायचा, आईच ढासळली तर तिने कुठे बघायचं?

पुढच्या वर्षी एक तमिळ कादंबरी आली. वडील वारलेल्या मुलीची. विद्यालक्ष्मीने ती द्यावी की न द्यावी असा दोन दिवस विचार केला आणि पद्धत ती पद्धत म्हणून जननीला दिली. जननी शहाऐंशीव्या पानावर उठली. उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, डोळे लाल, नाक वाहतंय. आईने विचारलं, "कुठल्या पानावर?" तिने सांगितलं. आईने ओल्या हाताने कार्डावर आकडा लिहिला.

आणि मग बाईंच्या हातून ती गोष्ट घडली. मासिकात त्यांनी लिहिलं की माझी मुलगी जननी, जिचे वडील गेल्या वर्षी गेले, ती शहाऐंशीव्या पानावर वडिलांच्या आठवणीने रडली आणि हेच या पुस्तकाचं यश. परीक्षण सुंदर उतरलं होतं. इतकं सुंदर की जननीच्या वर्गशिक्षिकेने ते भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं, चाळीस मुलींसमोर. मधल्या सुट्टीत पोरी येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. एक-दोघींनी तर आठवडाभर तिला शहाऐंशी म्हणून हाक मारली.

पुढच्या महिन्यात आईने नवं पुस्तक दिलं, ते जननीने चौथ्या दिवशी परत आणून ठेवलं. "वाचलं नाही." पुन्हा एक दिलं. "वाचलं नाही, अम्मा." तिसऱ्या वेळी आईने दिलंच नाही.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. जननी वाईट लेक नाही, कोणी तसं म्हटलं तर बाई त्याचं तोंड बंद करतील. सिरुसेरीला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, एक शनिवार सोडून एक येते, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, फोन बिघडला तर नीट करते. दोघी सगळं बोलतात, पुस्तक सोडून. जननी वाचते हे बाईंना माहीत आहे. एकदा तिच्या ऑफिसच्या बॅगेतून पुस्तकाचा कोपरा दिसला, बाईंनी विचारलं, "कसं आहे?" जननी म्हणाली, "ठीक," आणि चेन ओढून घेतली. बाईंना आयुष्यात आता फार काही नको आहे. पोरीने एकदा, एकदाच, एखादं पुस्तक वाचून आपल्याशी त्याबद्दल बोलावं, एवढीच भूक उरली आहे.

गेल्या वर्षी गणपतीत मराठी लोकांच्या कार्यक्रमात मंदार भेटला. नाशिकचा, शोळिंगनल्लूरला नोकरी करतो, इथल्या मराठी मंडळींसाठी फोनवर वाचायचं एक त्रैमासिक चालवतो. बाईंचं बोलणं ऐकून खुळावला. "काकू, किती जुनं मराठी बोलता हो तुम्ही."

"जुनं नव्हे पा, घरचं," बाई आपल्या तमिळी लकबीत म्हणाल्या.

पण पोरगा चिकट. बाई एकेकाळी परीक्षणं लिहायच्या हे कळल्यावर हात धुऊन मागे लागला. एका नव्या लेखिकेची किशोरांसाठीची मराठी कादंबरी त्याने पुण्याहून मागवली आणि बाईंना आणून दिली. "इकडे वाढणाऱ्या आपल्या मुलांनी मराठी वाचावं म्हणून लिहा, काकू. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळपर्यंत द्या."

आता आली पंचाईत. पद्धतीप्रमाणे आधी चौदा वर्षांचं कोणीतरी हवं, आणि तेही मराठी वाचणारं. बाईंच्या नात्यातली मुलं आजीशी मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं तमिळ नि इंग्रजी. खुद्द बाई देवनागरी शिकल्या त्या हिंदीच्या परीक्षांसाठी. मंदारच्या ऑफिसातल्या रुचिराचा मुलगा मराठी शिकतो असं कळलं, म्हणून त्याला पुस्तक पाठवलं. तो तिसऱ्या पानावर उठला आणि पुन्हा बसलाच नाही.

शेवटी आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी परीक्षणाचं पुस्तक पोरांच्या आधी स्वतः वाचायला उघडलं. अडखळत, जोडाक्षरावर बोट ठेवून, रोज सकाळी कॉफी झाली की थोडं थोडं. धरणाकाठच्या गावातली एक मुलगी, तिचा मोठा भाऊ पाण्यात गेलेला. आठव्या दिवशी बाई अशा जागी आल्या जिथे भाऊ गेल्याच्या दुसऱ्या सकाळी आई रोजच्यासारख्या मुलीच्या दोन वेण्या घालते आणि तिला शाळेत धाडते. एक शब्द बोलत नाही. नुसत्या वेण्या घालते.

बाई उठल्या. मोरीत गेल्या, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी शेकडो पोरींचे आकडे लिहिले होते, स्वतःचा आकडा हा पहिलाच. सत्तावन्न.

त्यानंतर परीक्षण लिहिणं सोपं नव्हतं. खरं लिहायचं तर आपण का उठलो ते लिहायला हवं, आणि ते लिहायचं तर वेंकट येणार, तो चौदावा दिवस येणार, जननी येणार, ते मासिक येणार. चार वेळा फाडून पाचव्यांदा बाईंनी सगळं लिहून काढलं. शेवटी लिहिलं की माझी मुलगी चौदा वर्षांची असताना वडिलांसाठी रडली आणि मी तिला न विचारता ते छापलं. तिचं रडणं तिचं होतं. मला तो हक्क नव्हता.

लिहून झाल्यावर त्यांना धडकी भरली. या वेळी विचारल्याशिवाय द्यायचं नाही, एवढं नक्की. पण विचारायचं म्हणजे तीस वर्षं झाकून ठेवलेलं लेकीसमोर उघडून ठेवायचं. ती उठून निघून गेली तर? उरलेले शनिवारही गेले तर? बाईंनी दोनदा फोन हातात घेतला नि ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"या शनिवारी येशील? एक कागद वाचायचा आहे."

"डॉक्टरचा?"

"नव्हे. माझा."

त्या शनिवारी, मंदारने दिलेल्या मुदतीच्याच दिवशी, जननी सकाळी अकराला आली. चव्वेचाळीस वर्षांची लेक, कानशिलावर पांढरे केस, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. बाईंनी कॉफी पुढे केली आणि चार पानं पुढे केली. देवनागरी तिला येत नव्हती, म्हणून बाईंनी आदल्या दिवशी तेच सगळं तमिळ अक्षरांत उतरवून ठेवलं होतं. मराठीच, फक्त अक्षरं तमिळ.

जननी वाचत होती. बाई स्वयंपाकघरात सांबारात उगाच पळी फिरवत होत्या. कागद उलटल्याचे तीन आवाज आले. मग खुर्ची सरकली. संपलं, त्यांना वाटलं, निघाली.

जननी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अम्मा, हे पण चूक लिहिलंयस."

"कुठलं?"

"मी अप्पांसाठी नव्हते रडले." तिचा आवाज शांत होता. "अप्पांसाठी आधीच रडून झालं होतं. वसंता आत्याच्या घरी, शाळेच्या बाथरूममध्ये. त्या शहाऐंशीव्या पानावर अप्पा नव्हतेच. त्या मुलीची आई डबा घेऊन पोस्टात कामावर जाते, ते होतं. तूही तशीच गेली होतीस. तोवर मला वाटायचं, तुला काही झालंच नाही. ते वाचलं आणि एकदम कळलं तू काय करत होतीस ते. मी तुझ्यासाठी रडले, अम्मा. तेच सांगायला आले होते. इथेच उभी होते."

बाईंच्या हातातली पळी थांबली.

"तू पान विचारलंस, मी सांगितलं. मग मी थांबले. मला वाटलं, आता विचारशील, 'का उठलीस' म्हणून." जननीने पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. "तू कार्डावर लिहून घेतलंस आणि तांदूळ धुवायला लागलीस."

"मज ठाऊक नव्हतं गं," बाई म्हणाल्या. पुढे त्यांना आणखी काही सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदका आला, आणि तो आल्यावर मागून सगळे आले, तीस वर्षांचे. त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि वेंकट गेल्यापासून पहिल्यांदा लेकीच्या देखत रडल्या. जननीने पुढे होऊन गॅस बंद केला, आईच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला थांबवलं नाही.