मामांची कडी

घोड्यांचा विषय निघाला की मी आजवर उठून जात आलो. घरच्यांना वाटे, मला घोड्यांची भीती आहे. तसं नाही. मोहगावच्या माझ्या मामांबद्दल मी एक खोटं बोललो होतो. ते सांगावं लागेल म्हणून टाळत होतो.

मामांची शेती कापसाची, थोडी संत्र्याची. पण लोक त्यांना ओळखत ते घोड्यांमुळे. शिंगरू मोठं झालं की पहिला लगाम चढवायला पार पांढुर्ण्याहून माणसं त्यांच्याकडे येत. घोड्याच्या तोंडात बसते ती लगामाची लोखंडी कडी मामांकडे एकच होती. साधी, मधे सांधा असलेली, वापरून गुळगुळीत झालेली. हिवाळ्यात ते ती आधी तळहातांत धरून कोमट करत. मी हसलो की म्हणत, "भाचेबुवा, या गारठ्यात लोखंड चाटून पाहा, मंग हसा."

मग कडीला गूळ लावून नुसते उभे राहत. शिंगरू आपणहून तोंड उघडायचं. लगाम बोटांत इतका सैल असे की धरलाय की नाही कळू नये, तरी घोडं वळे. तसा हलका हात मी पुन्हा पाहिला नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी सौंसरला मास्तर होतो. झेंड्याच्या मिरवणुकीत घोड्यावर मिरवायची हौस आली म्हणून मामांची घोडी मागून आणली. साध्या कडीवर ती शांत चालायची, आणि मला तर ती नाचायला हवी होती. बाजारातून पिळाची, जिभेला टोचणारी चकचकीत कडी आणून मी तिच्या तोंडात घातली. घोडी नाचली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तसा मी आणखी ओढत गेलो. चौकात ती मागच्या पायांवर उभी झाली आणि मी खाली पडलो. तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. लोक जमायच्या आत मी लगाम काढून पिशवीत कोंबला.

"कोनाची कडी होती हो, मास्तर?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"मामांचीच," मी म्हणालो.

संध्याकाळी मामा आले. घोडीचा ओठ उचलून त्यांनी जिभेवरून बोट फिरवलं. पिळाचे वळ त्यांना कळले नसतील असं होणं नाही.

मागून कोणीतरी टोमणा मारला, "हात लय हलका म्हनत होते नं तुमचा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय, माहीच कडी."

आमच्याकडे भाच्याला देवासारखं मानतात. मामा भाच्याच्या पाया पडतो. चारचौघांत ते मला खाली पाहायला लावणार नव्हते. त्यानंतर त्यांच्या दारी शिंगरू आणणं लोकांनी हळूहळू सोडलं. अंगणातली खुंटी रिकामी राहू लागली. त्यांनी ना कोणाला दोष दिला, ना माझ्याशी बोलणं कमी केलं.

पुढे राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आमचा भाग इकडे हिंदी मुलखातच राहिला. मी नागपूरची नोकरी धरली. दर भेटीला मोटारीत बसल्यापासून एक वाक्य मनात घोळवत यायचो. दारात पोचलो की मामाच आधी वाकत आणि माझ्या पायांना हात लावत. त्या वाकलेल्या पाठीकडे पाहून मी कापसाचंच काहीतरी विचारत असे.

शेवटच्या भेटीत ते खाटेवर होते. मला जवळ बसवून त्यांनी माझे पाय हातांत घेतले.

"किती गार झाले! काहून आले एवढ्या थंडीत?"

आणि ते तळहातांनी माझे पाय कोमट करत राहिले.

"मामा, ती कडी माझी होती, मला माफ करा," एवढंच म्हणायचं होतं.

"सहज आलो," मी म्हणालो.