दुसरी बाही

ओठांत टाचण्या धरून बोलायचं. हसू आलं तर आधी टाचण्या काढायच्या, मग हसायचं. चहा खिडकीत ठेवून विसरायचा. समोरच्याच्या कपड्याची शिवण बोटानं चाचपायची, माणूस अनोळखी असला तरी. आणि सुई कापडात ठेवून मशीनवरून कधीच उठायचं नाही; शिवण पुरी करायची, दोरा तोडायचा, मगच उठायचं.

पहिल्या सवयीमुळे गल्लीनं त्यांना टाचणीकाकू करून टाकलं होतं.

ताप गल्लीत सगळ्यांनाच येऊन गेला. काकूंचाही गेला, पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. जिना चढताना मध्येच बसावं लागे. लेकीला पहिली नोकरी लागली होती. तिचा कोट शिवायला घेतला, तेव्हा पहिल्यांदा ते झालं. पाय लयीत चालला होता. एकदम हिसका बसला. क्षणभर सगळं थांबलं. मग छातीत धडधड सुरू झाली.

"पट्टा घसरतोय," काकू म्हणाल्या.

उभा जन्म त्या मशीनवर वाकून बसलेल्या. मशीनची थरथर कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते, हे त्यांना कधी बघावंच लागलं नव्हतं. त्यांनी पट्टा बदलला. तेल घातलं. हिसके थांबेनात, तेव्हा मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बराच वेळ मशीन चालवून पाहिलं.

"काकू, लोण्यासारखं चालतंय. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"गप रे. माझ्या पायाला कळतं."

"मग पायालाच तेल घाला."

काकूंनी टाचण्या काढल्या आणि हसल्या. हसताना दम लागला.

एका दुपारी कोटाची एक बाही लावून झाली. मशीन झाकून काकू जरा पलंगावर टेकल्या. आणि तोच हिसका. तोच थांबा. तीच धडधड. डोळ्यांपुढे अंधारी आली.

त्या झाकलेल्या मशीनकडे बघत राहिल्या. आपलंच नाणं खोटं. बिचाऱ्याला उगाच बोल लावला.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून आलेख काढला. "अशा तापानंतर ठोके चुकल्यासारखे पुष्कळांना वाटतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण तुम्हाला दम लागतो, अंधारी येते. हृदयाला सूज असू शकते. आजच दाखल व्हा, कपडे घेऊन लगेच या. श्रम अजिबात नकोत."

"मशीन बसूनच चालवते हो."

"आणि पाय कोणाचे चालतात?"



घरी लेक पिशवी भरत होती. शेजारच्या खोलीतून मशीनचा आवाज आला. ती धावली.

"आई! ऊठ आधी!"

"अगं, एवढी बाही. एका बाहीचा कोट घालून जाणारेस का?"

"जाईन. सांगेन सगळ्यांना, आईनं शिवलाय म्हणून."

काकू हसल्या नाहीत. पुन्हा हिसका बसला. या वेळी त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं नाही. पाय थांबवला. ओठांतल्या टाचण्या एकेक करून मशीनजवळच्या छोट्या उशीत खोचल्या. शिवण तशीच सोडून उठल्या.

"दमले गं," म्हणाल्या. असं त्या कधी म्हणत नसत.

दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

लेक जुन्या स्वेटरमध्ये कामाला जाते. कोट मशीनवरच आहे. दुसरी बाही अर्धी जोडलेली, उरलेली टाचण्यांवर. सुई कापडात.