डाव्या हाताची खूण

पुलापाशी पोहोचेपर्यंत मामांचं तीनदा सांगून झालं होतं, की बस चुकली ते बरंच झालं. दवाखान्यापासून घर पायी तासाभराचं. भाचीच्या कापडी पिशवीत औषधं होती, एक्स-रेचं पाकीट होतं, आणि तिच्या तोंडी प्रश्नांना खळ नव्हता.

“मामा, नसलेली बोटं खाजतात म्हणे. खरं का हो?”

“खाजतात तर! खाजवायला जावं तर पत्ता सापडत नाही.”

मामा कारखान्यात क्रेनखाली वजनांना साखळी बांधायचे. एकोणीस वर्षं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. नवा माणूस आला की पहिला धडा त्यांचाच: साखळी ताणली जाताना तिला हात लावायचा नाही, लांब लोखंडी आकडीने सावरायची. आणि त्याच उस्तादांच्या उजव्या हाताची दोन बोटं सात महिन्यांपूर्वी साखळी आणि उचलायच्या लोखंडी साच्याच्या मध्ये सापडली.

चूक कोणाची, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. वर कॅबिनमध्ये बसून क्रेन चालवणाऱ्याची. उंचावरून बघतो म्हणून त्याला घार म्हणत. त्याने खालून मामांची खूण होण्याआधीच वजन उचललं; खूण दिसली होती, हे त्याचं म्हणणं कोणी मानलं नाही. तेव्हापासून त्याला खाली उतरवून खोकी चिकटवायला बसवलं होतं, आणि पुन्हा कधी वर चढू द्यायचं की नाही, ते सोमवारी ठरणार होतं. मामी तर त्याचा विषय निघाला की भांडी आपटायची.

भाचीला मात्र एक कोडं सुटत नव्हतं.

“पण तुमचा हात तिथे गेलाच कसा? तुम्ही तर दुसऱ्यांच्या हातावर आकडी मारायचात.”

“आकडी चार पावलांवर भिंतीला टेकलेली होती. साखळी साच्याच्या कोपऱ्यावरून घसरत होती. म्हटलं, एवढ्यासाठी कुठे जा.”

“दाखवा ना, नेमकं कसं ते.”

तिने पिशवी पुलाच्या कठड्यावर ठेवली. मामा खुलले. कामाचं काही सांगायचं म्हटलं की त्यांना हुरूप येई. उरलेल्या बोटांनी त्यांनी पिशवीचा बंद कठड्याच्या कोपऱ्यावर दाबून धरला.

“अशी धरली. ताण आला की सोडायची. डोळ्याआधी हाताला कळतो बघ ताण. मग...”

बोलता बोलता त्यांचा डावा हात वर गेला आणि तर्जनी हवेत गोल फिरली.

भाची बघतच राहिली. उस्ताद खूण नेहमी उजव्या हाताने करत. त्यावरच तर सगळी चौकशी उभी होती: उजवा हात साखळीवर, म्हणजे खूण झालीच नाही.

“मामा, ही कसली खूण?”

हात क्षणभर तसाच राहिला, मग हळूच खाली आला.

“‘उचल’ची.”

“म्हणजे घार खरं बोलत होता?”

“शब्दन् शब्द.” मामा कठड्याला टेकले. “दवाखान्यात साहेबांनी विचारलं, खूण केली होतीस का? मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, कळ आली.”

“आणि मग?”

“मग काय. त्यांनीच सगळं जुळवलं, मी गप्प राहिलो. लाज वाटली गं. जन्मभर दुसऱ्यांना दटावलं, आणि स्वतःच हात घालून स्वतःच ‘उचल’ म्हटलं. नवी पोरं हसली असती मला.”

“हसू देत. हसताना तरी हात बाहेर ठेवतील.”

मामांच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विरलं. खाली पाण्यात एक डबा गोल गोल फिरत होता, ते वाकून त्याच्याकडे बघू लागले.

“देवाला सगळं ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“देवाला आहे हो. साहेबांना नाही, त्याचं काय? आणि त्या माणसाच्या बायकोला?”

मामा दहा पावलं पुढे गेले, परत आले. पिशवीतून एक्स-रेचं पाकीट काढून त्यांनी त्याची कोरी बाजू वर केली.

“पेन आहे ना तुझ्याकडे?”

“आहे. पण घरी जाऊन नीट कागदावर लिहू की.”

“घरी तुझी मामी आहे.” त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं. “माझ्या हाताला अजून अक्षर वळत नाही, सहीपुरतं बघेन कसंतरी. तू लिही, साहेबांना. ‘डाव्या हाताने’ हे अगदी वर लिही. मला सांभाळून घ्यायला जाऊ नकोस. आणि इथेच लिही, बाई. घरी पोहोचलो तर मी पुन्हा डोळे मिटून घेईन.”