म्हशीचं दार
परवा माळ्यावर गंजलेला पाना सापडला आणि चिंचवडच्या गावठाणातलं आमचं परसदार डोळ्यांपुढे आलं. पन्नासच्या दशकात मी पिंपरीच्या एका कारखान्यात नवा फिटर होतो. त्या गुर्मीत गाभण म्हशीचा गोठा मी एकट्यानेच उभारला. लोखंडी अँगलवर पत्रे ठोकले, नट जीव खाऊन आवळले आणि दार म्हशीच्या पोटाच्या मापानं ठेवलं. आत बांधायच्या आधीच ती परसात व्याली आणि त्याच दुपारी गारा सुरू झाल्या. रेडकू उचलून आत ठेवलं, पण मागोमाग निघालेल्या म्हशीची शिंगं चौकटीत अडली. आई म्हणाली, "प्वाट मोजलंस, शिंगं न्हाई मोजलीस व्हय रं?" चौकट खोलायला पाना हवा होता. तो कंपनीचा, आदल्या दिवशीच परत केलेला. मी नुसतं गोणपाट तिच्या पाठीवर धरून उभा राहिलो. आत रेडकू ओरडत होतं आणि दारातून ती जीभ लांबवत होती, पण जीभ त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. दुसऱ्या दिवशी हा पाना विकत आणला, दार आणखी हातभर रुंद केलं. म्हैस मात्र त्या दाराशी येऊन थांबायची, आत कधीच गेली नाही. परवा तो पाना पुसला आणि पुन्हा माळ्यावर ठेवून दिला.