आभाळ माझं, सही त्याची

दिग्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजाबाहेर वाळवंटात, म्लेह्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला गाडी लावून आभाळ रंगवत होतो. शनिवारची सकाळ. बायको म्हणाली, "दिगंबरभाऊजी गेले... झोपेतच." मी म्हटलं, "येतो." आणि फोन ठेवून आधी हातातलं आभाळ पुरं केलं, कारण ओला कागद कोणासाठी थांबत नाही. चांगली दहा मिनिटं लागली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून हुंदक्याची अपेक्षा ठेवणार नाही. आता सहा आठवडे झाले. इथल्या आपल्या मंडळींनी मला गाठलं, म्हणाले, तुम्ही त्यांचे जुने मित्र, चार चांगले शब्द लिहा. मी शोधले. दोन सापडले: हात चांगला. बाकी माणूस आडमुठा, आपमतलबी आणि घुम्या. अल नहदात आमचे टॉवर समोरासमोर, माझ्या बाल्कनीतून त्याचे वाळत घातलेले शर्ट दिसायचे, आणि गेली दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो.

ओळख देऱ्यातली, आखातात नवे आलो तेव्हाची. एका खोलीत सहा जण, त्यात आम्ही दोघंच मराठी. तो मिरजेकडचा साइनबोर्ड पेंटर, ट्रकच्या फळ्यांवर अक्षरं काढून हात बसलेला. मी पुण्याचा, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन, आणि सुट्टीच्या दिवशी जलरंग. पहिल्याच दिवशी माझा कागद उचलून म्हणाला, "पाण्यातली चित्रं काय कामाची लेका, पाऊस आला की गेली." मी म्हटलं, "इथे कुठे येतोय पाऊस?" तेवढ्यावर दोस्ती जमली. पुढे दोघांची कुटुंबं आली, आम्ही अल नहदात राहायला गेलो आणि दिग्याने नोकरी सोडून शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात वर्कशॉप टाकलं. खाली सोफे बनवणारा पठाण, वर दिग्या. जिन्यात फोमचा आणि गोंदाचा वास, वर गेलं की टर्पेंटाइनचा.

तिथे एक लेबनानी हॉटेलवाला आला. तो पूर्वी टेक्ससमध्ये राहिलेला. त्याला त्याच्या स्टेकहाउसच्या भिंतींवर काउबॉय हवे होते. घोडे, गुरांचे कळप, लाल डोंगर, धूळ. दिग्या म्हणाला, "इन्शाल्ला, हो जायेगा." आम्हा दोघांपैकी एकानेही अमेरिका पाहिली नव्हती. घोड्यावर तर मी लग्नातसुद्धा बसलो नाही. पण दिग्याचं डोकं अशा वेळी बरोबर चालायचं. म्हणाला, "वाळवंट ते वाळवंट. म्लेह्याचे खडक घ्यायचे, खाली झाडं दिसली तर पुसायची आणि निवडुंग लावायचा. हाय काय अन् नाय काय." मग थंडीच्या दिवसांत दर सुट्टीला आम्ही उजाडायच्या आत निघायचो. मी बाहेर उभा राहून वीस मिनिटांत आभाळ आणि खडक कागदावर उतरवायचो. हा गाडीत हीटर लावून थर्मासमधला चहा प्यायचा. मग वर्कशॉपात माझ्या कागदावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि तेच सहा फुटी कॅनव्हासवर तैलरंगात वाढवायचं. माझ्या आभाळावर चौकटी... पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच खटकलं. पण बोललो नाही, तिथेच चुकलं.

त्याची एक सवय होती. चित्र सुरू करायच्या आधी सही. कॅनव्हासला पांढरं अस्तर दिलं, वाळलं, की उजव्या कोपऱ्यात पहिली 'दिगंबर' अशी लफ्फेदार सही करायची, मग कोळसा हातात. बोर्ड रंगवणाऱ्यांची खोड ती. त्याचा मिरजेचा उस्ताद म्हणे सांगायचा, आधी आपलं नाव घाल, मग गिऱ्हाइकाचं. त्यामुळे कोऱ्या कॅनव्हासवर, माझं आभाळ यायच्याही आधी, ते त्याच्या नावावर झालेलं असायचं. हॉटेल उघडलं त्या संध्याकाळी मालक ज्याला त्याला हात धरून चित्रांपुढे नेत होता. सगळ्यांच्या तोंडी आभाळच. मी हातात सरबताचा ग्लास घेऊन शेजारी उभा, आणि दिग्या मान हलवून म्हणाला, "हां, आभाळ जमलंय." जमलंय. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "तुमचं नाव नाही घेतलं हो त्यांनी." मी म्हटलं, "विसरला असेल." तो विसरला नव्हता. त्याला त्यात घेण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मला पैसा नको होता, नाव हवं होतं. कोपऱ्यात, त्याच्या खाली का होईना, बारीक अक्षरात. एकदा तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणतो, "दोन सह्या कशाला? गिऱ्हाइकाला वाटेल भांडणाचं चित्र आहे." आणि हसला.

अशी सात-आठ वर्षं काढली. मग त्या लेबनान्याने दुसरं हॉटेल काढलं आणि बारा मोठी चित्रं सांगितली. आधीच्या चित्रांत स्वार लांबवर, बोटाएवढे; आता बाराही चित्रांत पुढे एक मोठा घोडेस्वार. त्या वेळेपर्यंत मी नाद म्हणून घोड्यांचे व्हिडिओ बघायला लागलो होतो. कोळशाची रेखाटनं झाल्यावर मी वर्कशॉपात गेलो आणि बघताक्षणी कळलं. काउबॉय लगाम एका हातात धरतो. दुसरा हात दोरासाठी मोकळा ठेवावा लागतो त्याला, तो हातच त्याची रोजीरोटी. आणि दिग्याच्या बाराही गड्यांनी लगाम दोन हातांत धरला होता, कोपरं बाहेर, मुठी छातीशी. दिग्याचा बाप उसाची बैलगाडी कारखान्यावर न्यायचा. ह्याने आयुष्यात जनावर हाकताना पाहिलेलं ते एवढंच. तो लगाम नव्हता, कासरा होता. बारा हॅटवाले बारा बैलगाड्या हाकत होते.

एक वाक्य पुरेसं होतं. रेखाटन होतं, पुसून दहा मिनिटांत झालं असतं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. बारा सह्या आधीच पडलेल्या. मनात म्हटलं, सही त्याची तर चूकही त्याची. आणि तोंडात मूग धरून जिना उतरलो.

पुढे दोन महिने तो त्या चित्रांत बुडालेला होता. मी दर आठवड्याला जात होतो, चहा पीत होतो, आभाळ बघून "छान" म्हणत होतो. चित्रं लागली त्या दिवशी मालकाने टेक्ससकडचा एक गोरा इंजिनिअर जेवायला बोलावला होता. तो पहिल्या चित्रापुढे थांबला, दुसऱ्यापुढे गेला आणि हसायलाच लागला. म्हणाला, हा माणूस घोड्यावर बसलाय की गाडी हाकतोय? मालकही हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हसं आपलंही होतंय, आणि त्याचं हसणं गेलं. चारच दिवसांत बाराही चित्रं पिकअपमधून परत आली. मी गेलो तेव्हा दिग्या ती भिंतीला लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिऱ्या, तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. मी म्हटलं, "होतं."

"कधीपासून?"

"कोळसा होता तेव्हापासून."

त्याने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "खलास." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, मोकळे झालो असतो. पण हा गडी गप्प. मीही पुण्याचा, मी कशाला आधी बोलू. दोन वर्षं त्याचे शर्ट बघत राहिलो.

तेरावं झाल्यावर त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, वर्कशॉप रिकामं करायचंय. तुमचे कागद आहेत तिथे." मी गेलो तो स्पष्ट सांगायचं तर माझं ते उचलून आणायला. बारा चित्रं तिथेच होती. बाराही स्वारांचा एक हात त्याने खोडून पुन्हा रंगवला होता. कोणाचा मांडीवर, कोणाचा हॅटला, कोणाच्या हातात दोर. आभाळांना मात्र पुन्हा ब्रश लावलेला नव्हता. आणि पलीकडे दोन वर्षांतली नवी चित्रं. त्यांत आभाळच नव्हतं. कड्याच्या पायथ्याशी घोडा, तबेल्यातला घोडा, कॅनव्हासच्या वरच्या कडेपर्यंत नुसत्या गुरांच्या पाठी. माझे सगळे कागद कपाटात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेले, एकावरही नवी चौकट नाही. त्यांतली आभाळं वापरली असती तर मला कळलंही नसतं. चोरली असती तर बरं झालं असतं, निदान मला रागवायला काही राहिलं असतं.

ईझलवर एक अर्धवट चित्र होतं. टेकाडावर एकटा स्वार, लगाम डाव्या हातात, आणि वर हातभर रुंदीची पांढरी पट्टी. त्याची लेक केतकी बाजूला उभी होती. मी विचारलं, "हे असं का गं ठेवलं बाबाने?"

"आय आस्क्ड हिम, अंकल," ती म्हणाली. "ही सेड, स्काय इज नॉट माय डिपार्टमेंट."

मी कोपऱ्यात पाहिलं. सही नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने सहीआधी चित्र सुरू केलं होतं. लबाड. जिवंतपणी समोरचा रस्ता ओलांडून चार पावलं आला नाही, आणि आता हे मागे ठेवून गेला. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा ते."

आणलं. वहिनींनी रंगही दिले, त्याचेच ब्रश दिले. मी माझं सगळ्यात चांगलं आभाळ काढलं, समोर लावलं आणि पट्टी रंगवायला बसलो. चिखल झाला. पुसलं, पुन्हा बसलो, पुन्हा चिखल. तिसऱ्यांदा पुसताना डोक्यात प्रकाश पडला. जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. मी तो काही न करून मिळवतो. तेलात उजेड एकेका हाताने चढवावा लागतो. म्हणजे इतकी वर्षं मी जिथे काही केलं नव्हतं तिथे दिग्या रंगवत होता, आणि लोक हात धरून दाखवत होते ते तेच. त्याने हे मला एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर भांडलो असतो, हरलो असतो, आणि त्याला लगामाचं सांगितलं असतं. ह्या गप्प बसण्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही. माझ्या गप्प बसण्याबद्दल कोणी करावं, तो तर गेला.

पट्टी आता मळकट राखाडी आहे. तीत ना पहाट, ना धूळ. पण नियम माझाच होता, चूक ज्याची सही त्याची. त्याने मोकळ्या ठेवलेल्या उजव्या कोपऱ्यात मी माझं नाव घातलं आणि चित्र हॉलमध्ये लावलं. घरी येणारे घोड्याचं कौतुक करतात, स्वाराच्या हाताचं करतात, मग वर बघून जरा संकोचत विचारतात, आभाळ एवढं कसं बिघडलं हो. मी कोपऱ्यातली सही दाखवतो.